‘स्नॅग’ म्हणजे नेमके काय बिघडले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडी रखडली, फेरीबोट बंद राहिली किंवा विमान उडालेच नाही, की ‘टेक्निकल स्नॅगमुळे’ एवढेच कारण देऊन मोकळे होण्याची पद्धत सूचनाफलकांवरून आता मराठी बातम्यांतही शिरली आहे. शब्द इंग्रजी असल्याबद्दल माझी तक्रार नाही. बोट, मोटर, स्टेशन हे शब्द आपण केव्हाच आपलेसे केले. मात्र हा शब्द वाचून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

मुळात ‘स्नॅग’ म्हणजे नदीच्या पात्रात रुतून बसलेले, वरून न दिसणारे झाडाचे खोड. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर अशा खोडांनी तळ फाटून कित्येक आगबोटी बुडाल्या, तेव्हा ती उपटून काढण्यासाठी हेन्री श्रीव्ह यांनी बांधलेली ‘हेलिओपोलिस’ ही खास बोट १८२९ मध्ये कामाला लागली. माणसांचे जीव घेणारा हा धोका पुढे इंग्रजीत किरकोळ अडचणीचे रूपक झाला. खाडीच्या मुखाशी साचलेला गाळ आणि पाण्याखालचे खडक चुकवून होड्या हाकणाऱ्या आपल्या किनाऱ्याला त्याचा मूळ अर्थ लगेच उमगेल. बातमीतला उमगत नाही.

मराठीत यंत्र बंद पडले तर बिघाड, उरकत आलेले काम क्षुल्लक कारणाने अडले तर माशी शिंकली, करारात दडवून ठेवलेली अट निघाली तर मेख आणि कोणी मुद्दाम अडवले तर खोडा. शब्द निवडतानाच लिहिणाऱ्याला ठरवावे लागते, की दोष यंत्राचा, हवामानाचा की माणसाचा. ‘स्नॅग’ लिहिले, की ही चौकशी करावीच लागत नाही.

कोकणात ही चौकशी फार गरजेची आहे. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने एका ठिकाणी इंजिन बंद पडले, तरी मागच्यापुढच्या गाड्यांचा खोळंबा होतो. दुरुस्तीची वाट पाहावी, की दरड कोसळली असल्याने सरळ एसटी गाठावी, हे कारण कळल्याशिवाय प्रवाशाने कसे ठरवायचे? फेरीबोटीचेही तेच. उधाणाच्या ओहोटीत धक्क्यापाशी पाणी उतरल्यामुळे ती थांबली असेल, तर भरतीबरोबर पुन्हा सुटेल. इंजिनच नादुरुस्त असेल, तर दाभोळहून गुहागरकडे निघालेल्या माणसाला चिपळूणमार्गे मोठा वळसा घ्यावा लागेल, आणि सोबत आजारी माणूस असेल तर तो निर्णय तिथल्या तिथे करावा लागतो.

म्हणून आपल्या वार्ताहरांनी अधिकाऱ्यांकडून ‘स्नॅग’ हा शब्द ऐकून परत न फिरता काय बिघडले, ते कोणी दुरुस्त करायचे आणि साधारण किती वेळ लागेल, हे विचारून घ्यावे. उत्तर मिळालेच नाही, तर ‘कारण सांगण्यात आले नाही’ असे स्पष्ट छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
गुहागर, जि. रत्नागिरी