ताप लपवू नकोस

चि. सायली,

परवा फोनवर माझा आवाज चढला. पण चार दिवस ताप अंगावर काढलास आणि ते मला तुझ्या रूममेटकडून कळावं? डेंगू निघाला, प्लेटलेट उतरल्या, तेव्हा कुठे सोलापुरात पत्ता लागला. असो. त्यावर आता बोलत नाही.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतून आलो त्या रात्री मी चटणीसाठी शेंगदाणे निवडत होते, आठवतं? तू ताटात दाणे पसरलेस. हे जिवाणू, म्हणालीस. एकात फाज, म्हणजे जिवाणूंना खाणारा विषाणू, घुसला की आतलं एक विकर इशाऱ्याचा रेणू बनवतं आणि फाजची पिलावळ तयार व्हायच्या आत तो जिवाणू स्वतःचं आवरण फोडून मरतो. शेजारचे वाचतात. तो एक दाणा उचलून तू ताटाबाहेर ठेवलास. तसलंच विकर आपल्या पेशींत आहे, सी-गॅस. ते २०१३ साली सापडलं, आणि जिवाणूही त्याच घराण्यातलं विकर फाजशी लढायला वापरतात हे २०१९ साली कळलं. माणूस व्हायच्या कितीतरी आधीची ही राखण! मी बाबांना दोनदा सांगितलं, त्यांनी चौकात चारचौघांना.

आपल्यात तसाच रेणू स्टिंग नावाच्या प्रथिनाला जागं करतो, मग इंटरफेरॉन सुटतं, आजूबाजूच्या पेशी सावध होतात. डेंगूचा विषाणू नेमकं ते स्टिंगच कापतो, हेही तुझंच सांगणं. इतकं ठाऊक असून तू गप्प राहिलीस. एवढुसा जिवाणूसुद्धा आतल्या आत हाक देतो गं.

अप्पांचं तेच. लूमवरून यायचे, भुवयांवर कापसाची लव, आणि खोकला आला की म्हणायचे, धूळ गेली. आम्ही धूळच समजत राहिलो.

बघ, पुन्हा तिथेच आले. पाणी पी, लॅब पळून जात नाही, जागरण नको... चुकलं, तुला आजारपणात शिकवत बसले. रागावू नकोस. तो ताटाबाहेरचा दाणा मी नंतर परत ताटात टाकला होता, तुला कळलं नाही.

रविवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसने बाबा येतायत. कडक भाकरी आणि चटणी देतेय, पण तोंडाला चव आल्यावरच खा, तोवर मऊ भात. रोज रात्री थर्मामीटर लावून आकडा पाठव. नुसता आकडा पाठवलास तरी चालेल.

तुझी
आई