मिशीचे निमित्त

निपाणी, दि. २३ नोव्हेंबर

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मिशीचा फोटो आजीने चष्मा लावून दोनदा पाहिला आणि "याने अय्यप्पाची माळ घातली की काय?" असे विचारले. माळ घातली असती तर दाढीही वाढली असती, असे तुझ्या आईने तिला समजावले. मी मात्र महिन्याच्या सुरुवातीला फोनवर "हे काय सोंग?" म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो. का घेतो, ते फोनवर बोलण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही मुलांनी जे आरंभले आहे त्याची माहिती मी नंतर वाचली. २००३ साली मेलबर्नमधल्या दोन मित्रांनी, जुनाट ठरलेली मिशी परत आणता येईल का, अशा थट्टेतून तीस जणांना तयार केले. तिकडच्या बोलीत मिशीला 'मो' म्हणतात, म्हणून नोव्हेंबरचा मोव्हेंबर झाला. पुढच्या वर्षापासून त्याच मिशीच्या निमित्ताने प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी निधी जमू लागला. १ तारखेला चेहरा गुळगुळीत करायचा, महिनाभर फक्त मिशी राखायची आणि कोणी विचारलेच तर आजाराविषयी बोलायचे. तिकडे हे चालले, कारण तिथे मिशी दिसली की लोक विचारतात. आपल्या गल्लीत मिशी नसलेल्याला विचारतात! पैज हरलो तर मिशी उतरवीन, असे म्हणणाऱ्यांचा हा मुलूख आहे आणि त्या मिशीखाली काय काय झाकलेले असते, ते मी घरातच पाहिले आहे.

तुझे थोरले काका तुला अंधुक आठवत असतील. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, तेव्हा ते त्यांच्यात होते आणि त्यांचा आवाज लांबवर ऐकू येई. त्याच माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूला पुढे पांढरा चट्टा उठला, आमटीतले तिखट सोसेना, भाकरी दुधात कुस्करून खावी लागली, जांभई देताना तोंड पुरते उघडेना; तरी "दाढ दुखते" यापलीकडे ते कोणाला काही बोलले नाहीत. तंबाखू पिकवणाऱ्याने, चुन्याची डबी खिशात बाळगणाऱ्याने तोंड उघडून दाखवायचे म्हणजे जणू गुन्हा कबूल करायचा, असे त्यांना वाटत असावे. दाखवले तोपर्यंत उशीर झाला होता. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो आणि निपाणीत मोहीम काढायची तर ती प्रोस्टेटआधी गालापासून काढावी लागेल, हे तुझ्या मित्रांना माझ्या वतीने सांग.

आता माझे. गेले दीड वर्ष मी रात्री चार-पाच वेळा उठत होतो. लघवीला उभे राहिले की आधी वाट पाहावी लागे, मग बारीक धार, आणि झाले असे कधी वाटतच नसे. कोल्हापूरला जायचे असले की सकाळपासून पाणी तोडायचो आणि कागलच्या थांब्यावर कोणी चहा विचारला तर पित्त झाल्याचे सांगायचो. आई मोरीतला दिवा किती वेळा लागतो ते मोजत होती, पण विचारत नव्हती, आणि मी सांगत नव्हतो. तुझ्याशी फोनवर भांडल्यानंतर चार दिवसांनी मी बेळगावला दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या मुलीने कन्नडमध्ये "काय होते?" विचारले, तेव्हा बाजारापुरते कन्नड येणाऱ्या माझ्यापाशी त्यासाठी शब्द नव्हता, आणि खरे सांगतो, मराठीतही तो चारचौघांत उच्चारायची तयारी नव्हती. मी "पोटदुखी" सांगितले आणि तासभर चुकीच्या रांगेत बसलो.

घाबरू नकोस. रक्ताची पीएसए तपासणी (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे एक प्रथिन मोजतात ती) आणि सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे, कर्करोग नाही. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी असणारी ही ग्रंथी उतारवयात अनेकांची वाढते. पीएसएचा आकडा साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही चढतो, म्हणून एकट्या आकड्यावरून निदान करत नाहीत. उलट, कर्करोग सुरुवातीला काहीच त्रास न देता वाढू शकतो, म्हणून पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून घ्यावे, असे तिथले डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत. आता रात्री एकदाच उठतो.

एक गोष्ट तुझ्यासाठी विचारून आलो, आणि बापाने मुलाला हे लिहावे याचा संकोच बाजूला ठेवून लिहितो. वृषणाचा कर्करोग म्हाताऱ्यांचा नव्हे, साधारण पंधरा ते चाळीस या वयातला आजार आहे, आणि त्याची गाठ बहुधा दुखत नाही. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर महिन्यातून एकदा स्वतः चाचपून पाहावे. खडा लागल्यासारखे वाटले किंवा एक बाजू जड झाली, तर आठवडाही न घालवता दाखवावे. वेळेवर सापडला तर बहुतेक सगळे बरे होतात. तू सत्तावीस वर्षांचा आहेस.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मला पुन्हा बेळगावला बोलावले आहे. शुक्रवारच्या रात्रीची गाडी मिळाली तर पहाटे परस्पर तिथेच उतर, म्हणजे बरोबर जाता येईल. डॉक्टर भराभर कन्नड बोलतात आणि तुझे कन्नड माझ्यापेक्षा बरे आहे. मिशी तशीच घेऊन ये. आजीला जवळून पाहायची आहे.

तुझे,
बाबा