रात्रशाळेतल्या बीजगणिताच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

दिवसभर दादरच्या बाजारात हिशेब करणाऱ्या मला आकड्यांची धास्ती नव्हती. रात्रशाळेत दहावीचे गणित पुन्हा हाती घेतले, तेव्हा घोडे अडले ते ‘बरोबर’च्या चिन्हापाशी. कॅल्क्युलेटरवर ते बटण दाबले की उत्तर येते, एवढाच त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. वेल्सचे गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली या चिन्हासाठी दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी त्यांना सुचल्या नाहीत, हे आपण सांगितलेत आणि समीकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहायला शिकवलेत.

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होते, पण सुरुवातीला आपण ते वर्गात उच्चारूही दिले नाही. क्ष + ७ = १२ इतके सोपे उदाहरण असले, तरी दोन्ही बाजूंतून ७ वजा केल्याची ओळ लिहिल्याशिवाय क्ष = ५ लिहायची मुभा नव्हती. तेव्हा हा काथ्याकूट वाटे, हे खरे. त्याचे मोल कळले ते ५क्ष − २(क्ष − ४) = २३ सोडवताना. कंसाबाहेरचा उणे २ आतल्या दोन्ही पदांना गुणतो, म्हणून −८ नव्हे तर +८ येतात, हे आपण बाण काढून दाखवलेत; मग ३क्ष + ८ = २३, दोन्ही बाजूंतून ८ गेले की ३क्ष = १५, आणि ३ ने भागल्यावर क्ष = ५. तेवढ्यावर आपण वही मिटू देत नसत. किंमत मूळ समीकरणात घालून, २५ − २ = २३ असा ताळा मिळाला की मगच बरोबरची खूण.

शाब्दिक उदाहरणांत ‘समजा, वडापाव क्ष’ असे लिहिले की आपण ते खोडून ‘समजा, एका वडापावची किंमत क्ष रुपये’ असे लिहायला लावत होतात. क्ष ही वस्तू नसून संख्या आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यात त्या खाडाखोडीनेच पक्की बसली.

दिवसाची नोकरी करून आलेल्या, पेंगुळलेल्या वर्गासमोर एकेक ओळ पुन्हा लिहिताना आपण कधी त्रासला नाहीत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. सध्या एकसामयिक समीकरणे, म्हणजे दोन अज्ञात संख्या एकत्र शोधायची दोन समीकरणे, सोडवते आहे. ताळ्याची ओळ अजूनही गाळत नाही.

आपली विद्यार्थिनी