कौंडा लष्करशहा नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या हुकूमशहांवर लेख होता. त्यातल्या एका फोटोखाली ‘झांबियाचे लष्करशहा केनेथ कौंडा’ अशी ओळ छापली आहे. कौंडा हे झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, पण लष्करात ते कधीच नव्हते. राजकारणात येण्याआधी ते शाळामास्तर होते. मीही मास्तरीणच, म्हणून ही लाल शाई.

1979 ते 1991 मी झांबियातल्या एन्डोला शहरात सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवले. दोन-दोन वर्षांच्या करारावर भारतातून बरेच शिक्षक तिकडे गेले होते, त्यातली मी एक. सकाळच्या प्रार्थनेनंतर एक मुलगा ओरडायचा ‘वन झांबिया!’ आणि सगळी शाळा उत्तर द्यायची, ‘वन नेशन!’ सत्तरच्या वर भाषा बोलणाऱ्या देशात ही घोषणा पोकळ नव्हती. शेजारच्या अंगोलात, मोझांबिकमध्ये यादवी पेटलेली असताना झांबिया फुटला नाही. याचे श्रेय कौंडांना द्यायलाच हवे.

पण म्हणून त्यांची आरती ओवाळायला हे पत्र लिहिलेले नाही. 1964 साली स्वातंत्र्याच्या वेळी पुकारलेली आणीबाणी त्यांची सत्ता जाईपर्यंत उठली नाही. सायमन कापवेपवे हा त्यांचा चिन्साली गावचा बालमित्र, आपल्या भारतात शिष्यवृत्तीवर शिकून गेलेला, पुढे त्यांचाच उपराष्ट्राध्यक्ष. त्याने 1971 मध्ये वेगळा पक्ष काढला, तर सहा महिन्यांत पक्षावर बंदी आणि मित्र तुरुंगात. 1972 च्या अखेरीस देशात एकच पक्ष उरला, कौंडांचा युनिप. मग निवडणुकीत कौंडांसमोर उमेदवारच नसे, मतदाराने फक्त ‘हो’ की ‘नाही’ एवढेच सांगायचे. 1983 साली 95 टक्क्यांच्या आसपास ‘हो’ पडले. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर कोणी हसलेसुद्धा नाही. हसण्याची सोय नव्हती.

लेखात ‘त्यांनी देश भिकेला लावला’ असे एका वाक्यात उरकले आहे. निर्यातीच्या कमाईतले नव्वद टक्क्यांहून अधिक तांब्यातून येत होते. 1969 मध्ये त्यांनी खाणींचा 51 टक्के हिस्सा सरकारकडे घेतला आणि पाच-सहा वर्षांत तांब्याचा जागतिक भाव कोसळला. त्यातच 1973 मध्ये ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारने सीमा बंद केली आणि समुद्राकडची नेहमीची वाट तुटली. पुढे त्या सरकारने ती उघडायची तयारी दाखवली, तेव्हा कौंडांनी आपल्या बाजूने बंद ठेवली. चीनच्या मदतीने टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरापर्यंत 1860 किलोमीटरचा रेल्वेमार्ग झाला, पण समुद्र गाठायची ती वाट लांबची आणि महागडी. दक्षिणेतल्या स्वातंत्र्यलढ्यांना आसरा देण्याची किंमत झांबियाने पोटाला चिमटा घेऊन मोजली. ती मोजावी की नाही, हे मात्र कौंडांनी कुणाला विचारले नव्हते.

त्या चिमट्याचा थोडा वाटा आम्हालाही आला. स्टाफरूममध्ये ‘साबण आलाय’ एवढे कोणी म्हणाले की पाच मिनिटांत खोली रिकामी. खाद्यतेलासाठी मी घरून रिकामी बाटली पर्समध्ये घेऊन शाळेत जायची, न जाणो मिळाले तर. ऑक्टोबर 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सल्ल्याने परकीय चलनाचे दर आठवड्याला लिलाव सुरू झाले आणि सांगलीत घर बांधायला साठवलेल्या माझ्या क्वाचांचे (क्वाचा हे तिथले चलन) डॉलर बघता बघता निम्म्याहून कमी झाले. घर पुढे झाले, एक खोली कमी करून.

डिसेंबर 1986 चा आठवडा विसरणे शक्य नाही. मक्याचे पीठ हे तिथले भाकरीचे पीठ समजा. पांढऱ्या, बारीक पिठाला ‘ब्रेकफास्ट मील’ म्हणत, गरिबांच्या जाड्याभरड्याला ‘रोलर मील’. सरकारने बारीक पिठाचे अनुदान काढले, त्याचा भाव दुपटीहून वर गेला. जाड्या पिठाचे अनुदान कायम होते, पण ते पैसे सरकारकडून सुटतील याचा भरवसा नसल्याने गिरण्यांनी ते दळणेच थांबवले. म्हणजे स्वस्त पीठ कागदावर आणि महाग पीठ दुकानात. एन्डोला, कित्वे पेटले. आम्ही दार लावून आत बसलो होतो, बाहेर गोळीबार ऐकू येत होता. तांब्याच्या खाणींच्या त्या पट्ट्यात पंधराएक माणसे मेली. कौंडांनी भाववाढ मागे घेतली आणि मे 1987 मध्ये नाणेनिधीशी फारकतही घेतली. जूनमध्ये दुकानांपुढच्या रांगा होत्या तशाच.

1990 मध्ये पिठावरूनच पुन्हा दंगली झाल्या. मग मात्र त्यांनी अनेक पक्षांना मोकळीक दिली आणि 31 ऑक्टोबर 1991 च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार फ्रेडरिक चिलुबांकडून सपाटून हरले. चिलुबांना 76 टक्के, यांना 24. दोनच दिवसांनी नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला. ना लष्कर रस्त्यावर, ना फेरमोजणीचा घोळ. ते दिवस मी तिथे होते. आमच्या हेडमास्तरांना सगळ्यात मोठी अडचण पडली ती कार्यालयातल्या तसबिरीची, कारण नव्या साहेबांची अजून छापून आली नव्हती. महिनाभर खिळा तसाच होता.

पुढे राज्यघटना बदलून कौंडांना पुन्हा उभे राहू दिले नाही, कारण आईवडील मूळचे मलावीचे. 1999 मध्ये एका न्यायालयाने तर त्यांना झांबियाचे नागरिकच मानायला नकार दिला, नंतर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. 17 जून 2021 रोजी, वयाच्या 97 व्या वर्षी, ते लुसाकातच गेले.

त्यांना हुकूमशहा म्हणायचे तर म्हणा, मी वाद घालणार नाही. ‘लष्करशहा’ एवढे तरी दुरुस्त करावे. फोटो मात्र बरोबर आहे, डाव्या हातात त्यांची ओळखच असलेला पांढरा रुमाल आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली