‘सकारात्मक राहा’ एवढ्याने भागत नाही

आंबा बागायतदारांच्या मानसिक ताणावरील आपला रविवारचा लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आभार. मात्र ‘सकारात्मक विचार करा’ हा त्यातील सल्ला मला अपुरा वाटतो. दोन वर्षांपूर्वी अवकाळी पावसाने आमच्या बागेतला मोहोर काळा पडला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी पडवीत रिकाम्या पेट्यांशेजारी बसून असे. ‘पीक यायलाच हवे होते, आता लोकांना तोंड कसे दाखवू, मी नालायक आहे’, हेच डोक्यात. अशा माणसाला ‘सगळे छान होईल’ हे खोटेच वाटते.

मला उपयोग झाला तो समुपदेशकाच्या प्रश्नांचा. ‘यायलाच हवे’ हा नियम कुठे लिहिला आहे? पीक गेले म्हणजे माणूस नालायक, हे कशावरून? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हाच गाभा. त्रास केवळ घटनेने होत नाही, तिच्याविषयीच्या हट्टी समजुतीने तो वाढतो. आणि समजूत तपासता येते. कि. मो. फडके यांनी ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. कर्ज अजून डोक्यावर आहे, काळजीही वाटते. पण झोप लागते.

मानसिक त्रासात फोनवर बोलण्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी सेवा आहेच. तरीही समोर बसून बोलायला माणूस हवा. हंगाम संपताना बँकेचे हप्ते आणि दलालाचा हिशेब एकदम पुढ्यात येतात. निदान त्या दिवसांत तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एकदा समुपदेशक बसावा.

– एक बागायतदार, देवगड (सिंधुदुर्ग)