तीन दिवसांची पिशवी आणि पाच आठवड्यांची वाट

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला ब्रिटनमधल्या फूड बँकांवरचा, म्हणजे गरजूंना फुकट खाणं देणाऱ्या केंद्रांवरचा लेख वाचला आणि डोकं भणभणलं म्हणून लिहितेय. सरकार कमी पडलं तिथे समाज धावून आला असं लेखक म्हणतात, मान्य, पण सरकार कमी का पडलं यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही?

2022 च्या डिसेंबरात मी मुलीकडे तिकडे होते, महागाई 10 टक्क्यांच्या वर, आणि चर्चच्या हॉलमधल्या फूड बँकेत तीन-चार गुरुवार पिशव्या भरायला गेले. एक बाई आली, बरोबर युनिफॉर्ममधली दोन मुलं. व्हाउचर दिलं, पिशवी घेतली आणि तिथेच टेबलावर बटाटे, तांदूळ, पास्ता काढून ठेवायला लागली. मला वाटलं आवडत नसेल. तर म्हणाली गॅसच्या मीटरमधले (तिकडे असे मीटर आधी पैसे भरूनच चालतात) पैसे संपलेत, नुसत्या किटलीच्या पाण्यावर होईल असं काही द्या. धाकट्याने एक बटाटा घट्ट धरला होता, तो तिने हळूच सोडवून घेतला आणि परत ठेवला.

तिने युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे तिकडच्या सरकारी भत्त्याचा अर्ज केला होता, पहिले पैसे यायला पाच आठवडे, आणि आमच्या पिशवीत तीन दिवसांचं खाणं. मधे उचल मिळते पण ती पुढच्या पैशांतून कापतात. कोविडमध्ये त्याच सरकारने या भत्त्यात आठवड्याला 20 पौंड वाढवून दिले होते की, ते ऑक्टोबर 2021 मध्ये काढून घेतले, आणि 2022-23 मध्ये एकट्या ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या फूड बँकांना जवळपास 30 लाख पार्सलं वाटावी लागली. हातात पैसे असते तर तिने आधी मीटर भरला असता. कुणाच्या घरात काय संपलंय ते पिशवी भरणाऱ्याला कसं कळणार?

अडीनडीला पिशवी लागतेच, मी स्वतः भरल्यात, त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. पण लेखक हेच मॉडेल आपल्याकडे आणा म्हणतात तेव्हा राग येतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने आपल्याकडे धान्य हक्काचं झालंय, रेशनच्या तक्रारी असतील त्या असोत, पण हक्क सोडून परत दानावर का यायचं?

आणि लेखासोबतचा तो फोटो. रांगेतल्या माणसांचे चेहरे चक्क ओळखू येतायत. आमच्या हॉलमध्ये फोटो काढायला बंदी होती. ती बाई आत येताना दोनदा मागे वळून बघत होती, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून. छापलेला अंक परत घेता येत नाही, पण वेबसाइटवरचा फोटो तरी आजच्या आज काढा.

आपली,
एक जुनी वाचक