विहिरीच्या पाण्याची बाटली

फ्रायबर्ग, जर्मनी
१८ जानेवारी

ती. आई-बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला, म्हणून लिहायलाच बसले. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, उकड्या तांदळाची पिशवी अजून अर्धी शिल्लक आहे. खोकला आहे तो खिडक्यांमुळे, रसायनांमुळे नव्हे.

खिडक्यांचं सांगते. इथे बाहेर बर्फ पडत असला तरी दिवसातून दोन-तीनदा घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. किलकिल्या नव्हे, पूर्ण. आधी हीटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं हवा येऊ द्यायची, मग खिडक्या लावून हीटर पुन्हा सुरू. माझ्या भाडेकरारातच हे लिहिलंय. घरं इतकी घट्ट बांधतात की श्वासाची, स्वयंपाकाची वाफ आतच राहते आणि गार भिंतीवर बुरशी धरते, आपल्याकडे आषाढात कपाटातल्या चपलांवर धरते तशी. थोड्या वेळात हवा बदलते, भिंती मात्र गार होत नाहीत, असं घरमालकीणबाईंनी मला तीनदा समजावलं. पहिले काही दिवस मी पांघरुणात शिरून बसायचे. आता स्वेटर घालून खिडकीशी उभी राहते.

बाबा, ‘विषारी काहीतरी हाताळतेस’ असं तुम्ही म्हणालात. तसं नाही हो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आईला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. माझं काम त्याच्याच शेजारचं, रंग बदलतो त्यावरून पाण्यातलं जस्त मोजायचं. ‘पार’ नावाचा एक ॲझो रंग आहे. नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आणि दोन्हीकडे अणूंचं एकेक कडं. कापड रंगवतात त्या रंगांचाच हा भाऊबंद. पाण्यात तो पिवळा-नारिंगी असतो, जस्त भेटलं की लाल होतो. पण लाली डोळ्यांनी जोखायची नसते. एक सेंटिमीटर रुंदीच्या काचपात्रातून साधारण ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा आणि किती शोषला गेला ते मोजायचं. धातू दुप्पट तर शोषणही दुप्पट. अडचण एवढीच की हा रंग तांबं, निकेल, कोबाल्ट, शिसं, सगळ्यांशीच लाल होतो. म्हणून पाण्याची आम्लता नेमकी राखायची आणि नको ते धातू दुसऱ्या रसायनाने आधीच बांधून टाकायचे. माझे सहा महिने त्यातच गेले. रसायनं थेंबाथेंबाने लागतात, हातमोजे आणि चष्मा असतोच.

हे गाव चांदीच्या खाणींवर उभं राहिलं. १८६३ साली इथल्याच खनिजाच्या ज्योतीत गर्द निळी रेघ दिसली आणि इंडियम हा नवा धातू सापडला. आता खाणी बंद आहेत, तरी जुन्या बोगद्यांतलं पाणी जस्त घेऊन येतं. त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना मला आपली गोव्यातली डिचोली आठवते. पावसात खाणीच्या मातीच्या डंपवरून आपल्या पोफळीच्या कुळागरात उतरणारं लाल पाणी आठवतं. इथल्या पाण्याचे इतके नमुने तपासले, आपल्या विहिरीचा एकही नाही. दादाला सांगा, एक बाटली भरून प्रयोगशाळेत नेऊन दे आणि मँगनीज मुद्दाम तपासायला सांग. लोखंड असलं की पाणी तांबूस दिसतं, मँगनीज विरघळलेलं असलं तर पाणी स्वच्छच दिसतं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको.

दादाचं लग्न वैशाखात धरलंत, फार बरं वाटलं. साठ हजार पाठवलेत, ते हॉलसाठी लावा, परत करायचं बोलू नका. २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्यावर दादाने ट्रक विकला, त्यातले किती माझ्या इकडच्या येण्यावर गेले ते त्याने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझं तिकीट अजून काढलेलं नाही. मे महिन्यात सुट्टी मिळेल असं वाटतं. मी प्रयत्न करते आहे, वहिनीला तसंच सांगा. सावंतवाडीच्या आत्यालाही सांगा, ते स्थळ मी नाही म्हटलेलं नाही, एवढं वर्ष जाऊ दे.

बाटली आधी विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. आई, तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
बाय